मारिया उर्सुला : गोव्याच्या सीमेवरील एक वेषांतरित सैनिक

अठराव्या शतकाच्या प्रारंभी गोव्याच्या पोर्तुगीज पायदळात बालताझार दो कोउतो कार्दोझो या नावाचा एक शिपाई होता. १ सप्टेंबर १७०० पासून त्याच्या सेवेची गणना होते आणि १२ मे १७१४ या दिवशी ती संपते. चौलच्या किल्ल्यातील एका बुरुजाचे नायकत्व भूषविण्यापर्यंत तो चढला होता. यापुढे मात्र बालताझारचे नाव कोठेच आढळत नाही. ८ मार्च १७१८ रोजी पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याने जी सनद दिली तीत या सर्व सेवेचे पारितोषिक मारिया उर्सुला द आब्रेउ ए लेंकास्त्रे या स्त्रीच्या पदरात घातलेले दिसते. शिपाई आणि ती स्त्री या दोन व्यक्ती नव्हत्या. सेवा पुरुषाच्या नावाने झाली आणि तिचे मोल स्त्रीच्या नावाने मिळाले. या दोन नावांमध्ये जे आयुष्य गेले त्याचे आजवर अनेकांनी रंजक चित्रण केले आहे. त्या रंजनाखाली झाकला गेलेला, कागदपत्रांना धरून असलेला वृत्तान्त त्याहून अधिक अर्थपूर्ण आहे, आणि तो समजून घेताना गोवा, सावंतवाडी आणि चौल या मराठी मुलखाच्या कडेचा इतिहासही आपोआप पुढे येतो.

मारिया उर्सुलाचा जन्म १६८२ साली ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे झाला. जुआंव द आब्रेउ ए ओलिव्हेइरा हे तिच्या पित्याचे नाव. त्या काळचे रिओ म्हणजे पुढील काळातील राजधानी नव्हे. तो मान तेव्हा साल्व्हादोरकडे होता आणि रिओला तो १७६३ मध्ये प्राप्त झाला. अटलांटिकच्या काठावरचे, साखरेच्या व गुलामांच्या व्यापारावर जगणारे, पाठीशी जंगल आणि पुढे समुद्र असलेले ते एक वसाहतीचे गाव होते. मारिया उर्सुला दहाबारा वर्षांची असताना अंतर्भागातील मिनास जेराइस प्रदेशात सोन्याच्या खाणी सापडू लागल्या आणि माणसांचे लोंढे तिकडे वळले. पुरुषांना खाण होती, जहाज होते, सैन्य होते. प्रतिष्ठित घरातील मुलीपुढे लग्न किंवा मठ एवढेच पर्याय असत. रिओमध्ये स्त्रियांसाठी मठही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत उभा राहिला नव्हता. ज्यांना मुलीला मठात घालावयाचे असे ते तिला समुद्रापलीकडे पोर्तुगालला धाडीत.

अठराव्या वर्षी मारिया उर्सुला घर सोडून निघून गेली. ती लिस्बनला पोचली, पुरुषवेष धारण केला, नवे नाव घेतले आणि हिंदुस्थानात जाणाऱ्या सैन्यात नाव नोंदविले. ती का गेली हे तिच्या सेवेच्या कागदांत नाही. नको असलेला विवाह, साहसाची ओढ, घरातील छळ अशी कारणे नंतरच्या लेखकांनी आपापल्या रुचीप्रमाणे पुरविली. राजाला सेवेचा हिशेब हवा होता. कारणाशी त्याला कर्तव्य नव्हते.

अशी ती पहिलीच स्त्री होती असे नव्हे. इबेरियन साम्राज्यांच्या सीमा जेथे जेथे सरकत होत्या तेथे तेथे अशा स्त्रियांची नावे सापडतात. सान सेबास्तियानच्या मठातून पळालेली बास्क स्त्री कातालिना दे एराउसो सतराव्या शतकाच्या आरंभी पेरू व चिले या प्रांतांत पुरुष म्हणून वावरली, लढली आणि ध्वजाधिकाऱ्याच्या पदाला पोचली. पुढे स्पेनच्या राजाने तिला निवृत्तिवेतन दिले. आवेइरू गावची आंतोनिया रोद्रिगेश ही मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील माझागाव या पोर्तुगीज ठाण्यात शिपाई म्हणून राहिली होती. पुढच्या काळात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरही तोच प्रकार दिसतो. कॅलिफोर्नियात घोडागाड्या हाकणारा आणि मतदारयादीत नाव नोंदविणारा चार्ली पार्खर्स्ट १८७९ मध्ये मरण पावला, तेव्हा तो देह स्त्रीचा असल्याचे उघड झाले. या सर्व उदाहरणांतील साम्य सीमाप्रदेशाचे आहे. स्थिर समाजात माणसाला कुळ, गाव, शेजार ओळखत असतो. सीमेवर त्याला त्याचे काम ओळखते. तेथे माणसांची वाण असते, येणाऱ्याची चौकशी थोडी होते, आणि हाती बंदूक धरता आली की उरलेले प्रश्न मागे पडतात.

पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानी राज्यात ही वाण १७०० च्या सुमारास फार तीव्र झाली होती. डिसेंबर १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी मोंबासाचा किल्ला घेतला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज सत्तेला मोठा धक्का बसला. त्यापूर्वी १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा दिला होता आणि गोव्याच्या अगदी दाराशी असलेले जुवे बेट घेऊन राजधानीला हादरा दिला होता. लिस्बनहून येणारी जहाजे सहा महिन्यांचा प्रवास करून गोव्याला लागत तेव्हा आजाराने अनेक शिपाई वाटेतच संपलेले असत. जे उतरत त्यांपैकी कित्येक पगार थकल्याने पळून जात. अशा सरकारला एखादा तरुण शिपाई दाढीवाचून दिसला म्हणून त्याची झडती घेण्याची सवड नव्हती आणि इच्छाही नव्हती.

गोव्यात शिपायाच्या नावाची नोंद सरकारी पटावर होत असे. पटावर नाव चढले की माणूस राज्याच्या दृष्टीने अस्तित्वात येई. त्याचा पगार, बढती, रजा, कैद, जखमा हे सारे त्या नावाला चिकटत जाई. बालताझार हे नाव असे एकदा पटावर चढले आणि तेथेच टिकले. कोठडीत, जहाजावर, छावणीत, पावसाळ्यातील चिखलात, इतर शिपायांच्या सहवासात हे नाव रोज निभावून न्यावे लागले असणार. वेष एकदाच बदलता येतो. पण तो निभावणे हे रोजचे काम आहे. पटावरच्या नोंदीत या रोजच्या कष्टाला रकाना नव्हता.

त्याच वर्षी सह्याद्रीच्या माथ्यावर आणखी एक घटना घडली होती. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले आणि महाराणी ताराबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली. ताराबाई स्त्री म्हणूनच राज्य चालवीत होत्या, पण राजाची पत्नी आणि राजाची माता या नात्याने. कुळाच्या आधाराने सत्ता हाती घेणारी ही स्त्री आणि कुळाचे नावच टाकून शस्त्र हाती घेणारी ती स्त्री, या दोघी एकाच काळात, एकाच मुलखाच्या दोन बाजूंना होत्या. त्यांची तुलना करण्याचे कारण नाही. तथापि स्त्रीने शस्त्राच्या जगात प्रवेश करण्याच्या दोन वाटा यातून स्पष्ट होतात. एका वाटेसाठी घराणे लागे, दुसरीसाठी घराणे सोडावे लागे.

बालताझारच्या सेवेतील पहिला ठळक प्रसंग १७०५ सालचा आहे. त्या वेळी कायतानो द मेलो ए काश्त्रो हा गोव्याचा व्हाइसरॉय होता आणि उत्तरेच्या सीमेवर सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांशी त्याचा संघर्ष चालू होता. डिचोली, पेडणे हा मुलूख तेव्हा भोसल्यांकडे होता. पोर्तुगीजांचा अंमल तिसवाडी, साष्टी आणि बारदेश एवढ्यापुरताच होता. व्हाइसरॉयने भोसल्यांच्या ठाण्यांवर चाल केली. मांडवीच्या काठचे आमोणे घेण्यात आले. या हल्ल्यात आघाडीवर असलेल्यांमध्ये बालताझारचा उल्लेख येतो.

या ठिकाणी एक घोटाळा दूर केला पाहिजे. अनेक चरित्रलेखांत हा किल्ला आंबोइना असा लिहिलेला आढळतो. वाचक साहजिकच मोलुक्का बेटांतील लवंगांच्या आंबोइनाकडे जातो आणि नायिकेच्या साहसाला आणखी एक महासागर जोडला जातो. परंतु ते आंबोइना १६०५ पासून डच लोकांच्या ताब्यात होते आणि १७०५ मध्ये पोर्तुगीजांनी तेथे स्वारी केल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पोर्तुगीज लेखणीतून आमोणे या नावाची जी रूपे झाली त्यांतील एक रूप पुढील लेखकांनी ओळखीच्या दूरच्या नावाशी जुळविले असे मानणे सयुक्तिक ठरते. एका अक्षराच्या फरकाने डिचोलीजवळचे एक गाव पुसले गेले. ज्यांनी ब्राझीलमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये बसून हे चरित्र लिहिले त्यांना या गावाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मराठी किंवा कोंकणी वाचकाला मात्र ते गाव ठाऊक आहे. प्रादेशिक भाषेच्या जाणकाराने परभाषेतील कागद वाचणे का आवश्यक असते, त्याचे हे लहानसे उदाहरण होय.

त्याच वर्षी म्हापसा नदीच्या पात्रातील खोर्जुवे आणि पोर्तुगीज कागदांत पानेलें म्हणून आलेले शेजारचे बेट ही दोन्ही भोसल्यांकडून घेण्यात आली. या मोहिमेतही बालताझारने शौर्य गाजविल्याची नोंद आहे. खोर्जुव्यावर व्हाइसरॉयने जांभ्या दगडाचा जो छोटा किल्ला उभा केला तो आजही आहे. हळदोणे गावातून पुलावरून तेथे जाता येते. चार कोपऱ्यांना चार बुरूज, तोफांसाठी रुंद फटी, आत मोकळे पटांगण आणि खाली संथ नदी असे त्याचे रूप आहे. हा किल्ला राजधानीच्या वैभवाचा नाही, सीमेचा आहे. पलीकडच्या काठावरून येणारा माणूस मित्र की शत्रू हे येथून पाहिले जाई.

पलीकडच्या काठाचाही विचार येथे करणे प्राप्त आहे. मारिया उर्सुलाच्या पराक्रमाची वर्णने लिहिणाऱ्यांनी ती कोणाविरुद्ध लढली याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. त्यांच्या लेखी शत्रू हा केवळ शौर्य दाखविण्याचे निमित्त आहे. परंतु खोर्जुवे आणि आमोणे येथे राहणाऱ्या लोकांना हे राज्यांतर होते. अंमलदार बदलला, वसुली बदलली. एका स्त्रीने आपल्या आयुष्याच्या मर्यादा ओलांडल्या ही घटना आदरास पात्र आहे. ती मर्यादा ज्या सैन्याच्या आश्रयाने ओलांडली गेली ते सैन्य परक्या भूमीवर राज्य वाढवीत होते ही गोष्टही तितकीच खरी आहे. एका सत्यासाठी दुसरे झाकण्याचे प्रयोजन नाही. वसाहतीच्या सीमेवर एकाचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्याची पराधीनता पुष्कळदा एकाच बंदुकीतून निघते.

यानंतर बालताझार चौलला दिसतो. चौल म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील रेवदंडा. कुंडलिका खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये येथे ठाणे बांधण्यास प्रारंभ केला आणि पुढे तटबंदीचे शहरच वसविले. समोरच्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. १५७०-७१ मध्ये निजामशाहीचा दीर्घ वेढा या शहराने सोसला होता. अठराव्या शतकाच्या आरंभी चौलचे व्यापारी वैभव ओसरले होते आणि उत्तरेस काही कोसांवरच कुलाब्याला कान्होजी आंग्रे यांचे आरमार बळावत होते. अशा वेळी चौलच्या किल्ल्यातील मादर द देउश, म्हणजे देवमातेच्या नावाच्या, बुरुजावर बालताझारची नायक म्हणून नेमणूक झाली. हाताखाली माणसे, तोफा, दारूगोळा आणि रात्रीचे पहारे ही या पदाची जबाबदारी. शिपाई म्हणून गर्दीत लपून राहणे एक वेळ सोपे असते. नायकाकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. लपायला जागा कमी असलेल्या पदावर ती चढली आणि तेथेही टिकली, ही गोष्ट तिच्याविषयीच्या सर्व दंतकथांहून अधिक बोलकी आहे.

१२ मे १७१४ रोजी तिने सेवा सोडली आणि आफोंसो तेइशेइरा आराइश द मेलो याच्याशी तिचा विवाह झाला. हा गृहस्थ गोवा बेटावरील साओ जुआंव बाप्तिश्त या किल्ल्याचा अधिकारी राहिलेला होता. सेवेची एकूण मुदत सुमारे पावणेतेरा वर्षे धरलेली आहे. दोन तारखांमधील अंतर त्याहून सुमारे एक वर्षाने अधिक भरते. अशा हिशेबात प्रत्यक्ष कामावर नसलेले दिवस वगळण्याची पद्धत होती. महिने आणि दिवस यांच्यापर्यंत जाणारा हा काटेकोर हिशेब लक्षणीय आहे. ज्या राज्याला आपल्या शिपायाचे खरे नाव ठाऊक नव्हते, त्याने तिचे दिवस मात्र एकेक करून मोजले.

त्यानंतर १७१८ ची सनद येते. या सनदेने तिला पणजी येथील एक हक्क सहा वर्षांसाठी मिळाला आणि गोव्याच्या जकातघरातून दररोज एक शेराफी मिळण्याची व्यवस्था झाली. शेराफी हे अश्रफी या शब्दावरून नाव पडलेले, पाच टांगांचे गोव्यातील नाणे. पणजीच्या हक्कासाठी जो शब्द वापरलेला आहे तो काही लेखकांनी वाडा या अर्थाने घेतला आणि राजाने तिला पणजीचा राजवाडाच दिला अशी समजूत रूढ झाली. पोर्तुगीज भाषेत वाडा आणि नाका या अर्थांचे दोन शब्द उच्चारात एकमेकांजवळ येतात. गोवा बेटाभोवती नदीच्या उतारांवर असे नाके होते आणि त्यांवरील अधिकारपदे सेवेच्या मोबदल्यात मुदतीने दिली जात. आदिलशाही काळापासूनचा पणजीचा वाडा व्हाइसरॉयांच्या उपयोगाचा होता. तो एका निवृत्त सैनिकाला सहा वर्षांसाठी दिला जाणे संभवत नाही. नाक्याच्या उत्पन्नाचा अर्थ घेतला म्हणजे सहा वर्षांची मुदतही उलगडते.

सनदेचा खरा विशेष मात्र वेगळाच आहे. हे हक्क आपल्या वंशजांना देण्याची आणि वंशज नसल्यास इच्छेस येईल त्या व्यक्तीला देण्याची मुभा तिला मिळाली होती. पोर्तुगीज राज्यात सेवेच्या बदल्यात बक्षीस मागण्याची एक बांधीव रीत होती. प्रजाजन आपल्या सेवेचे दाखले जोडून अर्ज करी आणि राजा पद, उत्पन्न किंवा मानसन्मान देई. या रीतीत स्त्रियांनाही स्थान होते, पण ते नात्याच्या मार्गाने. मृत पित्याची किंवा पतीची सेवा वारशाने मुलीकडे अथवा विधवेकडे येई आणि तिच्या आधारे ती अर्ज करी. पोर्तुगालहून राजाच्या खर्चाने गोव्यात पाठविल्या जाणाऱ्या अनाथ मुलींना हुंडा म्हणून एखादे सरकारी पद मिळे आणि त्या पदावर बसे तो त्यांच्याशी विवाह करणारा पुरुष. अशा शेकडो स्त्रियांच्या नावे पदे होती. त्यांपैकी कोणाच्याही मागे स्वतःची सेवा नव्हती. मारिया उर्सुलाने जो हिशेब मांडला तो पित्याचा नव्हता, पतीचा नव्हता. तिच्या स्वतःच्या दिवसांचा तो हिशेब होता आणि राज्याने तो तसाच मान्य केला. बालताझारने केलेली सेवा खोट्या नावाची म्हणून रद्द झाली नाही. पुरुषवेषाबद्दल शिक्षाही झाली नाही. कायद्याच्या आणि धर्माच्या दृष्टीने जे निषिद्ध होते ते हिशेबाच्या दृष्टीने ग्राह्य ठरले. या चरित्रातील सर्वांत असाधारण घटना रणांगणावर घडलेली नाही. ती सनदेच्या कागदावर घडली आहे.

लोककथेला मात्र कागदाशी काम नसते. खोर्जुव्याच्या किल्ल्याशी जोडून गोव्यात आजही एक कथा सांगितली जाते. त्या कथेप्रमाणे हा शूर शिपाई शत्रूच्या हाती सापडतो, त्याची वस्त्रे उतरविली जातात आणि तो स्त्री असल्याचे उघड होते. मग पहाऱ्यावरील अधिकाऱ्याशी तिचा विवाह होतो आणि कथा संपते. आमोणे आणि खोर्जुव्याच्या मोहिमा १७०५ च्या आहेत. तेथेच तिचे रहस्य फुटले असते तर पुढील वर्षांत चौलच्या बुरुजाचे नायकत्व बालताझारला मिळाले नसते. सेवेचा क्रम लक्षात घेतला असता ही कथा उभी राहू शकत नाही. तरीही ती टिकली आहे, आणि ती का टिकली हा साहित्याच्या अभ्यासकाने विचारात घेण्याचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर अंशतः पोर्तुगीज मौखिक काव्यात सापडते. पोर्तुगाल आणि ब्राझील या दोन्ही देशांत युद्धाला जाणाऱ्या कुमारीचे एक कथागीत पिढ्यान्पिढ्या गायिले गेले आहे. पुत्र नसलेल्या वृद्ध पित्याची कन्या पुरुषवेषात युद्धाला जाते. तिच्या डोळ्यांनी मोहित झालेला तरुण सरदार ती स्त्री आहे की काय याची नाना प्रकारे परीक्षा घेतो. ती प्रत्येक परीक्षेतून निसटते आणि शेवटी विवाह होतो. चीनमधील मूलानची कथा याच जातीची आहे. वेषांतर, परीक्षा, उद्घाटन आणि विवाह हा साचा इतका बळकट आहे की प्रत्यक्षातील स्त्रीचे आयुष्य त्यात आपोआप बसविले जाते. जोआकिम नोर्बेर्तो यांनी १८६२ मध्ये ब्राझीलच्या नामांकित स्त्रियांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यातही मारिया उर्सुलाला स्थान मिळाले. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्राला वीरांगनांची मालिका हवी होती. १८२३ मध्ये सम्राट पहिला पेद्रो याने गौरविलेली मारिया कितेरिया ही पुरुषवेषात लढलेली बाहियाची स्त्री त्या मालिकेत होतीच. मारिया उर्सुला तिची पूर्वज ठरली. गोव्यात तिची कथा झाली आणि ब्राझीलमध्ये स्मारक झाले. दोन्हीकडे तिचे गोव्यातील तेरा-चौदा वर्षांचे रोजचे जिणे मागेच राहिले.

हिंदुस्थानात नोकरी केलेल्या अशा आणखी दोन स्त्रिया येथे आठवणे उचित होईल. हॅना स्नेल ही इंग्रज स्त्री जेम्स ग्रे या नावाने आरमारी शिपायांत दाखल झाली आणि १७४८ च्या पाँडिचेरीच्या वेढ्यात जखमी झाली. १७५० मध्ये लंडनला परतल्यावर तिने आपले रहस्य स्वतःच प्रकट केले. तिची हकीकत पुस्तकरूपाने निघाली, ती रंगभूमीवरही उभी राहिली आणि तिला निवृत्तिवेतन मिळाले. दुसरी स्त्री दौलतराव शिंद्यांच्या फौजेतील. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत तिची हकीकत नमूद केली असून ती पत्रे १८१३ मध्ये प्रसिद्ध झाली. जोरावरसिंह या नावाने शिपाईगिरी करणाऱ्या या तरुणीचा भाऊ कर्जापायी भोपाळात कैदेत होता आणि त्याच्या सुटकेसाठी पैसा जमविण्याकरिता तिने हा मार्ग धरला होता.

या तिघींच्या हकिकतींची मांडणी भिन्न आहे. हॅना स्नेलची कहाणी बाजारात विकली गेली. जोरावरसिंहाच्या कहाणीला भावावरील प्रेमाचा आधार मिळाला आणि त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या मनात तिच्याविषयी संशयाऐवजी आदर निर्माण झाला. भारतीय श्रोत्याला असे कारण लागते. स्त्रीने घराबाहेर पाऊल टाकले तर ते घरासाठीच टाकलेले असावे, म्हणजे तिला क्षमा करता येते. मारिया उर्सुलाच्या बाबतीत असे कोणतेही समर्थन नोंदलेले नाही. ती गेली, राहिली, लढली आणि परत फिरली. तिने समर्थन दिले नाही आणि राज्याने ते मागितले नाही.

भारतीय वाङ्मयात लिंगांतराच्या कथा विपुल आहेत. महाभारतातील शिखंडी पूर्वजन्मीच्या सूडासाठी पुरुषत्व मिळवितो. पुत्राप्रमाणे वाढविलेल्या मणिपूरच्या चित्रांगदेला रवींद्रनाथांनी १८९२ च्या नाट्यकाव्यात नवे रूप दिले. या कथांत रूपांतराला दैवाचा, शापाचा, वराचा किंवा पित्याच्या इच्छेचा आधार आहे. मारिया उर्सुलापाशी वर देणारा कोणी यक्ष नव्हता. तिच्यापाशी कापलेले केस, पुरुषी कपडे आणि पटावरील एक नाव एवढेच होते. ती स्वतःला काय समजत होती, या प्रश्नाकडे आजच्या वाचकाचे लक्ष विशेषतः जाते. चार्ली पार्खर्स्टने मरणापर्यंत पुरुष म्हणूनच आयुष्य घालविले. मारिया उर्सुलाने बत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास पुरुषनाम खाली ठेवले. या दोन आयुष्यांना एकच संज्ञा लावणे घाईचे होईल. पुरुष म्हणून घालविलेली वर्षे ही केवळ सोंग होती असे म्हणणेही तितकेच घाईचे. सेवा सोडल्यानंतर त्या वर्षांवर पडदा टाकून ती गप्प राहिली नाही. त्या वर्षांवर तिने राजदरबारात हक्क सांगितला. तिने स्वतः त्यांना आपले म्हटले, एवढे कागदावरून निश्चित होते.

तिने पहारा दिलेली चौलची तटबंदी पोर्तुगीजांकडे फार काळ राहिली नाही. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली आणि १७४० च्या तहाने चौलही त्यांच्या हाती आले. रेवदंड्याच्या नारळीपोफळीच्या बागांत आज पडक्या चर्चच्या भिंती आणि तटाचे अवशेष उभे आहेत. समोरच्या कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली अद्याप घरोघर बोलली जाते. तिला बोलणारे नौ लिंग, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात आणि भाषाशास्त्रज्ञांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आहे. किल्ले पडले, अंमल गेला, पण सीमेवर एकत्र राहिलेल्या माणसांची भाषा राहिली. मारिया उर्सुलाने आपल्याविषयी या किंवा कोणत्याही भाषेत लिहिलेले काही मागे नाही. पुरुषाच्या नावाने भरलेला सेवेचा पट आणि स्त्रीच्या नावाने निघालेली सनद एवढेच तिचे आत्मचरित्र आहे, आणि त्या दोहोंवर लिहिणारा हात कारकुनाचा आहे. तरीही दुसऱ्याच्या सेवेचा वारसा सांगणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या अर्जांमध्ये स्वतःच्या सेवेचा दाम रोख मागणारा आणि तो पदरात पाडून घेणारा असा तिचा अर्ज वेगळा उठून दिसतो.